टॉप फ्लोअर, एसी नाही, रात्रभर झोप नाही. कूलर घ्यावा का?

चौथा_मजला_भांडुप
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही भांडुप वेस्टला भाड्याने राहतो, जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही आणि आमचं घर सगळ्यात वर म्हणजे डोक्यावर डायरेक्ट गच्ची. वन आरके आहे, हॉलला पश्चिमेकडे मोठी खिडकी आणि किचनला मागच्या बाजूला एक छोटी. घरात मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मे लागल्यापासून कोणाचीच झोप होत नाहीये. दिवसा एक वेळ निभावतं पण रात्री जीव नकोसा होतो, परवा माळ्यावरून काहीतरी काढायला चढले तेव्हा छताला हात लागला, रात्रीचे अकरा वाजून गेलेले आणि छत चांगलं गरम. पंखा पाचवर असतो तरी वरून गरम हवाच येते. उशी ओली होते, मुलीच्या मानेवर घामोळं आलंय, ती रात्रभर खाजवते आणि रडते. सासूबाई दोन-दोन वाजेपर्यंत खिडकीशी बसून असतात, त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.
घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत त्यामुळे स्प्लिट एसी बाद. नवरा म्हणतो कूलर आणूया, नणंदेकडे नागपूरला एका कूलरवर सगळी हॉलमध्ये मस्त झोपतात. शेजारच्या काकू म्हणतात मुंबईत कूलर अजिबात नको. नक्की कोणाचं ऐकू?

घाम_आणि_वारा
ताई, काकूंचं ऐका. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, आणि पाणी उडायला हवा कोरडी लागते. नागपूरला मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की धुतलेला टॉवेल बघता बघता वाळतो, म्हणून तिकडे कूलर जोरात चालतो. आपल्याकडे पारा त्यांच्यापेक्षा बराच कमी असतो पण समुद्र शेजारी, हवा आधीच पाण्याने भरलेली, मे महिन्यात पहाटेसुद्धा २७-२८ च्या खाली फारसं उतरत नाही. बंद खोलीत कूलर लावलात तर अर्ध्या तासात खोली अजून दमट होईल आणि अंग चिकचिकणार, वर सासूबाईंना जास्त त्रास.
मुंबईत सगळा खेळ घाम वाळण्याचा आहे. घाम येणं हा प्रॉब्लेम नाही, तो अंगावरच राहतो हा प्रॉब्लेम आहे, घाम उडाला की अंगातली उष्णता घेऊन जातो आणि तो उडण्यासाठी अंगावरून वारा फिरत राहायला हवा आणि खोलीतला दमटपणा बाहेर जायला हवा. म्हणून पहिलं विचारतो, रात्री कपडे घरात दोरीवर वाळत घालता का? वन आरकेमध्ये बहुतेक जण घालतात, नाइलाज असतो. पण एक बादली ओले कपडे म्हणजे ते सगळं पाणी रात्रभर तुम्ही झोपता त्याच हवेत जाणार. मशीन सकाळी लावा, कपडे खिडकीच्या ग्रिलला बाहेर घाला, नाहीतर गच्चीत. जेवण शक्य तेवढं लवकर करा आणि कुकर, कढई जे काय असेल ते संध्याकाळी सातच्या आत उरका, एक्झॉस्ट चालू ठेवून.
आणि फ्रिज कुठे आहे? हॉलमध्येच असेल तर तो आतली उष्णता मागून तुमच्या खोलीत टाकतो. भिंतीपासून थोडा पुढे ओढा आणि झोपायची जागा त्याच्यापासून लांब ठेवा.

वायरमन_लालबाग
पंखा पाचवर असून वारा लागत नाही म्हणताय ना, मग आधी पंखाच तपासा ताई. जुन्या पंख्याचा कंडेन्सर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा डबा, वीक होतो आणि पंखा फिरतो तर खरा पण दम नसतो. चार आणि पाचवर सेमच फिरतो का? चालू करताना सुरुवातीला रेंगाळतो का? मग तो कंडेन्सरच. बहुतेक घरगुती पंख्यांना अडीच एमएफडीचा (हे त्याचं माप) लागतो, पंख्यावर किंवा जुन्या कंडेन्सरवर लिहिलेलं असतं तेच घ्या, शंभरच्या आत येतो, वायरमन दहा मिनिटांत बदलतो. आणि पाती पुसा. पातीची जी कड हवा कापते तिच्यावर मुंबईत काळा चिकट थर बसतो, धूळ अधिक किचनचं तेल, तो नुसत्या फडक्याने निघत नाही साबणाच्या पाण्याने काढावा लागतो. एवढं केलं तरी फरक जाणवतो.
नवीन घ्यायचाच तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घ्या. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास. रात्रभर दहा तास लावला तर पाऊण युनिटच्या जागी ०.३ युनिट, आणि व्होल्टेज कमी असलं तरी स्पीड पडत नाही.
पण खरं सांगू का, टॉप फ्लोअरला सीलिंग फॅन अर्धंच काम करतो. छताला चिकटलेली गरम हवा ओढून तीच खाली ढकलतो. त्यापेक्षा एक चांगला टेबल फॅन किंवा पेडेस्टल घ्या. संध्याकाळी ऊन उतरलं की तो हॉलच्या खिडकीत तोंड बाहेर करून लावा आणि किचनची खिडकी उघडी ठेवा. घरातली गरम हवा बाहेर फेकली जाते आणि मागून ताजी आत येते. तासभर असं चालवा, मग झोपताना फॅन फिरवून बाजूने अंगावर घ्या, जमिनीच्या लेव्हलला. कूलरच्या पैशात दोन चांगले टेबल फॅन येतील.

गच्चीवाला
वरच्या दोघांशी सहमत पण मूळ दुखणं छतावर आहे, त्याचं कोणी बोललंच नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते आत झिरपायला काही तास लागतात, म्हणून दुपारी नाही तर नेमकं संध्याकाळनंतर छत आतून तापतं. ताईंनी अकरा वाजता हात लावला ते याच्यामुळेच. तुम्ही अख्खी रात्र तापलेल्या तव्याच्या खाली झोपताय, खालून कितीही पंखे लावा.
गच्ची काळी आहे का? डांबराचं वॉटरप्रूफिंग असेल तर सगळ्यात वाईट. त्याच्यावर पांढरा रंग मारायचा, बस. जुन्या बिल्डिंगमध्ये पांढऱ्या चायना मोझॅकची, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेली गच्ची असायची ती याच कामाची, पण ती काळी पडली की उपयोग गेला, घासून धुवायला पाहिजे. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. गच्ची झाडून धुऊन कोरडी करायची, चुना रात्रभर भिजवायचा, त्यात थोडा गोंद घालायचा म्हणजे पायाला लागत नाही, आणि सकाळी लवकर ऊन चढायच्या आत दोन हात मारायचे. पावसात धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो. जास्त टिकणारा हवा असेल तर ऊन परतवणारा पांढरा पेंट मिळतो, महाग आहे पण दोन-तीन उन्हाळे निघतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उन्हाळ्यासाठी आराखडा केला, नंतर तिथे वस्त्यांमधली छतं अशीच चुन्याने पांढरी केली, म्हणजे काही प्रयोग नाहीये हा.
भाड्याचं घर असलं तरी हे होऊ शकतं कारण गच्ची सोसायटीची. सेक्रेटरींना भेटा, तुमच्या घरावर जेवढा भाग येतो तेवढाच मारतो म्हणा. वरच्या मजल्यावरचे सगळे मिळून गेलात तर नाही म्हणणार नाहीत. गच्चीवर पाणी मारायचं मात्र टाळा, मे महिन्यात पाण्यावरून भांडणं होतील आणि जुना स्लॅब असेल तर लीकेज.

रात्रपाळी_सिस्टर
मी हॉस्पिटलमध्ये वॉर्डला आहे, सासूबाईंबद्दल लिहिते कारण बाकी सगळं वर छान आलंय.
वय झालं की तहान कमी लागते आणि घामही कमी सुटतो, म्हणजे शरीर गार करायची दोन्ही साधनं कमजोर. त्या "मला तहान नाही" म्हणतील ते धरून चालू नका, दिवसभर थोडं थोडं पाणी, कोकम सरबत, ताक द्या. बीपी आहे तर मीठ बेताने, ओआरएस आपल्या मनाने रोज देऊ नका. आणि बीपीच्या गोळ्यांत लघवी जास्त होणारी गोळी आहे का ते डॉक्टरांना विचारा, उन्हाळ्यात तिचा डोस बदलावा का ते तेच सांगतील, स्वतः बंद करू नका. रात्री झोपायच्या आधी तांब्याभर पाणी पाजू नका, नाहीतर चार वेळा उठतील आणि उरलेली झोपही जाईल.
झोप लागताना शरीर आतून थोडं गार होत असतं आणि ती उष्णता हातापायाच्या तळव्यांतून बाहेर पडते. म्हणून झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ घाला, एकदम गार पाण्याने नको, गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते. अंग खसाखसा पुसू नका, ओलसर असतानाच टेबल फॅनसमोर बसवा. नंतरही गरम वाटलं तर ओल्या नॅपकिनने मान, हात, पावलं पुसा. वारा चालू असेल तर हे फार गुणकारी आहे.
गादी फोमची असेल तर ती पाठीखाली तापते. कापसाची पातळ गादी किंवा नुसती चटई आणि वर मऊ झालेली जुनी सुती साडी. लादीवर गार लागतं पण सासूबाईंना खालून उठता येत नसेल तर त्यांना पलंगावरच चटई घाला. मुलीला पातळ सुती झबलं पुरे, घामोळ्यावर पावडरचा थर देऊ नका, तेल नको, नुसतं गार पाण्याने टिपून कोरडं करा आणि नखं कापा.
एक लक्षात ठेवा, सासूबाई असंबद्ध बोलायला लागल्या, हाक मारून नीट उत्तर देईनात, अंग चटका बसेल असं गरम लागलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी आणि पंखा चालू ठेवा, शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काही पाजू नका.

कांदिवलीकर
स्प्लिट नाही तर विंडो एसी बघा ना, खिडकीत बसतो, भिंत फोडायची गरज नाही. फक्त मालकाची परवानगी आणि मीटरचा लोड विचारून घ्या, जुन्या बिल्डिंगच्या वायरिंगवर एसी टाकताना वेगळी लाइन ओढूनच टाका. २४ वर ठेवायची गरज नसते, २६ वर ठेवून पंखा दोनवर लावा, वीज बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच म्हणते की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. आणि एसीचा ड्राय मोड, म्हणजे हवेतला दमटपणा काढणारं सेटिंग वापरा, आपल्याला थंडीपेक्षा कोरडी हवाच जास्त हवी असते.
पंख्यासमोर बर्फाचं भांडं ठेवा म्हणून पण सांगतात, आम्ही करतो, बरं वाटतं.

घाम_आणि_वारा
बर्फाचं मला पटत नाही. समोर बसणाऱ्याला थोडा वेळ गार झुळूक लागते पण फ्रिजने तो बर्फ करताना तेवढीच उष्णता, उलट थोडी जास्तच, त्याच खोलीत सोडलेली असते. वन आरकेमध्ये तर नकोच. विंडो एसीचं मात्र बरोबर, पुढच्या वर्षीसाठी मालकाशी बोलून ठेवा.

चौथा_मजला_भांडुप
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला पूर्ण थ्रेड वाचायला दिला, कूलर कॅन्सल. पंखा चार आणि पाचवर खरंच सारखाच फिरतो, उद्या वायरमन बोलावते. कपडे घरातच वाळतात हो, ते आजपासून बंद. सासूबाईंच्या डॉक्टरांना शनिवारी दाखवायचंच होतं, गोळीचं विचारते. गच्चीचं सेक्रेटरी काकांना विचारलं, बाजूच्या दोन घरांनी पण हो म्हटलंय. दोन प्रश्न राहिले, संध्याकाळी खिडक्या उघडल्या की डास येतात, आणि दिवसभर खिडकी उघडी ठेवायची की बंद?

गच्चीवाला
पश्चिमेची खिडकी दुपारी बंद, आणि आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक लावा, ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. सूर्य मावळला की चिक वर. डासांसाठी खिडकीला जाळी, पण ती दर पंधरा दिवसांनी काढून धुवा, धूळ भरलेली जाळी वारा अडवते. मच्छरदाणी लावलीत तर मोठ्या भोकांची घ्या आणि टेबल फॅन पायथ्याशी असा ठेवा की वारा सरळ आत जाईल. चुना या रविवारीच मारून घ्या, जूनमध्ये पाऊस आला की काम अडकेल, आपल्याकडे ११ जूनच्या आसपास येतो.