चेहऱ्याच्या नसेची कळ आणि फेफऱ्याची औषधे: उंदरावरील चाचणीचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (विद्यार्थिनी, इंदूर)
मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. रामबागेत राहणाऱ्या माझ्या आजीला ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा त्रास आहे. गार पाण्याचा हबका बसला किंवा पदराचे टोक गालाला नुसते घासले, तरी उजव्या जबड्यातून कळ जाते आणि हातातली पोह्यांची बशी तशीच राहते. फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपाइनने तिला उतार पडला, म्हणून मी प्रकल्पाला हाच विषय घेतला. उंदराची इन्फ्राऑर्बिटल नस (डोळ्याखालून गालात जाणारी फांदी) सैल टाक्यांनी आवळून, १५ दिवसांनंतर मिशांच्या मुळाशी फॉन फ्राय तंतू (ठरावीक दाब देणारा बारीक तंतू) टेकवला असता, फेफऱ्यावरच्याच गॅबापेन्टिनच्या मोठ्या मात्रेनंतर उंदीर मान मागे घेत नाहीत. एवढ्यावरून वेदना शमली असे लिहावे का?

उत्तर (औषधशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक)
लिहू नये. मान मागे घेण्यासाठी उंदीर सावध असावा लागतो, आणि या औषधांच्या मोठ्या मात्रेने झापड येते, तोलही जातो. म्हणून त्याच मात्रेवर उंदीर रोटारॉडच्या फिरत्या दांड्यावर किती वेळ टिकतो, हे आधी पाहावे. तो लवकर पडत असेल तर मात्रा उतरवावी. नस उघडून न आवळलेला गट हवाच. शिवाय कोणाला औषध आणि कोणाला औषधाविना नुसते द्रावण दिले आहे, हे तंतू टेकवणाऱ्याला ठाऊक नसावे. ठाऊक असले की हात नकळत हलका पडतो, शिकाऊ असताना माझाही पडला होता.

तंतू केवळ स्पर्शाने उठणारी वेदना मोजतो. उंदीर आवळलेल्या बाजूचाच गाल पंजाने पुन्हापुन्हा चोळत असेल, तर तेही टिपावे. आपोआप उठणाऱ्या वेदनेची तीच खूण मानतात.

उत्तर (मेंदूविकारतज्ज्ञ)
एक भर घालतो. आजींच्या आजारात बहुधा मेंदूच्या बुंध्याजवळ नसेच्या मुळावर रक्तवाहिनी दाबते. उंदरात मात्र इजा गालातल्या फांदीला होते. त्यामुळे हे प्रारूप (आजाराची उंदरातली नक्कल) दाताच्या उपचारात किंवा अपघातात नस दुखावल्यानंतरच्या वेदनेला अधिक जवळचे आहे. कार्बामाझेपाइनचा गुण स्वीडनच्या ब्लोम यांनी १९६२ मध्येच रुग्णांमध्ये नोंदवला. हे प्रारूप व्हॉस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडले. म्हणजे औषधाची पारख आधी रुग्णांत झाली. कार्बामाझेपाइन नसेच्या पेशींत सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्या रोखते, तर गॅबापेन्टिन कॅल्शियमच्या वाहिन्यांच्या अल्फा-२-डेल्टा घटकाला चिकटते, तेव्हा दोन्हींचे निकाल एकाच रकान्यात मांडू नयेत.

प्रश्नकर्ती
दोघांचीही मी आभारी आहे. रोटारॉडच्या चाचणीसाठी आणखी उंदीर लागतील, म्हणून प्राणी नीतिमत्ता समितीकडे सुधारित अर्ज देते. त्यांची मंजुरी मिळेपर्यंत तंतू हाती घेणार नाही, आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘न्यूराल्जिया’ऐवजी ‘नस दुखावल्यानंतरची वेदना’ असे लिहीन.