लॉनमधील वाळलेल्या डागांसाठी कोणते बियाणे घ्यावे?

हिरवाई:
पुण्यातील आमच्या घरापुढे सुमारे ६०० चौरस फुटांचे मेक्सिकन लॉन आहे. ऑगस्टअखेरीस त्यात बशीएवढे पिवळे डाग पडले आणि महिनाभरात ते परातीएवढे होऊन पार वाळले. पाणी वाढवले, युरिया टाकला, तरी डाग पसरतच आहेत. तेथे पेरण्यासाठी चांगले बियाणे कृपया सुचवावे.

जुना माळी:
बियाण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. हे गवत आपल्याकडे बहुधा चटया किंवा ठोंब लावूनच वाढवतात. शिवाय कारण मातीत तसेच राहिले, तर नवे गवतही वाळेल. डागाच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढून पाहावे. ते गोधडीसारखे अलगद उचलले गेले, तर मुळे हुमणीने, म्हणजे मातीत राहून मुळे खाणाऱ्या अळीने, खाल्ली असण्याची शक्यता मोठी. मुळे घट्ट असून डागाभोवती गडद हिरवे कडे असेल, तर कुत्र्याच्या मूत्राचा संशय घ्यावा.

अंगणवाला:
आमच्याकडे डागाखाली बांधकामाचा राडारोडा निघाला होता. खणून पाहाच.

हिरवाई:
ओढताच गवत हातात आले. खाली तांबूस डोक्याच्या, वळलेल्या पांढऱ्या अळ्या आहेत. शेजारच्या कडुनिंबाचा याच्याशी संबंध असावा का?

जुना माळी:
आहे. या अळ्या हुमणीच्याच. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे, म्हणजे तिचे प्रौढ किडे, संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि अंडी जवळच्या मातीत घालतात. दिसतील त्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात. मातीत ओल आहे तोवर मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून, वेष्टनावरील प्रमाणानेच, डागांत व भोवतीच्या हातभर पट्ट्यात द्यावी. तिचा परिणाम सावकाश होतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा उकरून पाहावे आणि अळ्या थांबल्यावरच दुरुस्तीला हात घालावा. शेणखत पूर्ण कुजलेलेच असावे. कच्च्या खतातून मी स्वतःच एकदा हुमणी घरी आणली आहे.

मग मेलेले गवत चौकोनी कापून काढावे, दोन-तीन इंच माती भुसभुशीत करून तीत पोयटा आणि थोडी वाळू मिसळावी. चटई विकत आणण्यापेक्षा आपल्याच लॉनच्या नजरेआडच्या कडेचा तुकडा काढून लावावा, म्हणजे जात व रंग जुळतात. तो भोवतालच्या पातळीत बसवून फळीने दाबावा, कारण उंच राहिलेला भाग कापणीयंत्राखाली सोलला जातो. पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवावी. युरिया मुळे धरेपर्यंत नको. पुढच्या मे-जूनमध्ये तिन्हीसांजेनंतर त्या कडुनिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे गोळा करावेत, अर्थात शेजाऱ्यांना विचारून.