विमानात ग्लुटेन-फ्री खाणं न्यायचंय, सिक्युरिटीत अडवतात का?

प्रश्न:
मुलीला सीलिॲक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. पुढच्या महिन्यात दोन फ्लाइट मिळून 14 तासांचा प्रवास आहे. गेल्या वेळी स्पेशल मील बुक करूनही ट्रेमध्ये साधा पाव आला आणि पोरगी अख्खा प्रवास दोन केळ्यांवर राहिली, मला तर रडूच आलं. यावेळी सगळं घरून नेणार, काय चालेल?

उत्तर 1:
ताई, कोरडं, घट्ट खाणं सहसा जातं. अडकतं ते दही, जॅम, पीनट बटर, कारण ते लिक्विडमध्ये धरतात, आणि बऱ्याच एअरपोर्टवर 100 मिलीच्या वरची बाटली चालत नाही, अर्धी रिकामी असली तरी. डॉक्टरांचं पत्र हाताशी ठेवा.

उत्तर 2:
आइस पॅक दगडासारखा गोठलेला हवा, पाणी सुटलं की तोही लिक्विड! मी द्राक्षं फ्रीझ करून डब्याच्या कडेने लावते, गार राहतं आणि नंतर खाताही येतात. पण उरलेली फळं उतरायच्या आधी संपवा, नाहीतर कस्टम्सला सांगा, काही देशांत दंड होतो.

उत्तर 3:
डबा चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, बॅग चुकली तर काय करणार? एका जेवणाचं जास्तच घ्या, फ्लाइट लेट होतातच. आणि तरीही जीएफएमएल (एअरलाइनचं ग्लुटेन-फ्री स्पेशल मील) बुक कराच, निदान 48 तास आधी, फोन करून कन्फर्म करा. समोरचा ट्रे ओल्या वाइपने पुसून घ्या, आधीच्याचा चुरा असतो त्यावर.

प्रश्नकर्ती:
द्राक्षांचं खरंच सुचलं नसतं, थँक्यू!