नीलगिरीखाली निघालेले काळ्या गराचे गोळे: हे ट्रफल का?

बांधावरचे नाना (शिरपूर)

राम राम मंडळी. बांधावर नीलगिरीची जुनी रांग आहे. दोन-तीन दणदणीत पाऊस झाले की खोडापासून दोन-तीन हातांवर जमीन फुगून तडकते आणि खालून लिंबाएवढे, काही छोट्या मोसंबीएवढे गोळे निघतात. साल मातकट पिवळी, खवलेदार. कापल्यावर आत जांभळट काळा गर आणि त्यात पांढुरक्या रेषा. ट्रफलचे, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या त्या महागड्या खाण्याच्या बुरशीचे, कापलेले फोटो जवळपास असेच दिसतात.

हे ट्रफल असू शकतं का? दुसरं, ट्रफलला चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपासची जमीन लागते म्हणतात. आपली काळी तशीच आहे, मग इथं का येऊ नये? बुरशी लावलेली ओकची रोपं विकणारे हाच मुद्दा पुढे करतात. आणि हे ट्रफल नसेल तर आपल्या रानात शोधण्याजोगं काय आहे?

अनेरकाठ

ते ट्रफल नही शे, नाना. वर्णनावरून स्क्लेरोडर्मा वाटतो, गोळ्यासारखी निघणारी दुसरीच बुरशी. हा विषारी आहे, चाखूनसुद्धा पाहू नका. खाल्ल्यावर अर्ध्या ते तीन तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात.

खात्रीसाठी गोळा मधोमध उभा कापा. स्क्लेरोडर्माची साल गरापासून वेगळी दिसते, जाड आणि चिवट असते. गर आधी पांढरट, मग जांभळा-काळा आणि शेवटी त्याची भुकटी. ट्रफलची कधीच भुकटी होत नाही. तो शेवटपर्यंत सुपारीसारखा भरीव राहतो आणि नागमोडी पांढऱ्या शिरा कडेपर्यंत जातात. स्क्लेरोडर्माचा वास रबरासारखा येतो. पिकलेल्या ट्रफलचा वास खोलीभर पसरतो, त्यासाठी नाक जवळ न्यावं लागत नाही.

नीलगिरीखाली आणखी एक गोळा निघतो, पिसोलिथस. कापला की आत वाटाण्याएवढ्या कप्प्यांची दाटी दिसते, वरचे कप्पे फुटून तपकिरी धूळ झालेली असते आणि हात रंगतात. तोही ट्रफल नाही.

आता जमिनीचा मुद्दा. सामूचं गणित बरोबर आहे. काळ्या ट्रफलला 7.5 ते 8.3 सामू मानवतो आणि आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी त्यात बसतात. पण तेवढ्यानं भागत नाही.

मुख्य अडचण झाडाची. ट्रफल ही मुळांशी भागीदारी करणारी बुरशी आहे. ओक, हेझल, बीच, पॉप्लर अशा झाडांच्या बारीक मुळांवर ती बाहेरून म्यान चढवते, साखर घेते आणि बदल्यात पाणी-खनिजं देते. आपला साग, मोह, पळस, बाभूळ यांचीही बुरशीशी भागीदारी असते, पण ती वेगळ्या जातीची. ती बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरते आणि तिला असली फळं धरत नाहीत. नीलगिरी मात्र दोन्ही प्रकारच्या बुरशा चालवून घेते. म्हणून तुमच्या बांधावर गोळे येतात आणि सागाच्या रानात येत नाहीत. जंगलात शिरल्यावर आधी झाड पाहावं, जमीन नंतर.

दुसरी अडचण हवेची. काळा ट्रफल पिकतो त्या फ्रान्स, स्पेन, इटलीच्या भागांत वर्षाचं सरासरी तापमान साधारण 11 ते 14 अंश असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. शिवाय काळी जमीन पावसात फुगून हवा कोंडते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. ट्रफलला पाणी झिरपून जाणारी, हवा खेळती जमीन लागते. रोपं घेऊ नका. योग्य हवेतसुद्धा पहिलं फळ यायला पाच ते दहा वर्षं लागतात. विकणारा तोवर कशाला सापडतोय!

सातपुडा_पायवाट

अनेरकाठ भाऊंचं बरोबर आहे. भारतात ट्रफलच नाही असं मात्र नाही. ट्यूबर इंडिकम ही जात 1892 साली हिमालयातल्या नमुन्यांवरून नोंदवली गेली. तिथं ओक आणि पाइन आहेत.

झारखंडचा रुगडा आणि बस्तरचा बोडा लोक 'देशी ट्रफल' म्हणून विकतात. ती अ‍ॅस्ट्रियस जातीची बुरशी, सालवृक्षाच्या मुळांशी वाढते, जून-जुलैत निघते. गर पांढरा असेपर्यंतच खातात, काळा पडला की फेकतात. सालवृक्ष सातपुड्यात थेट पचमढीकडे. आपल्या बाजूला, यावल-चोपड्यापासून अक्राणीपर्यंत, साग, सालई, अंजन, धावडा. त्यामुळे रुगड्याचीही आस धरू नका.

आखातात राहून आलेली मंडळी 'फगा' किंवा 'कमा' विचारतात. तो वाळवंटी ट्रफल. हेलिअँथेमम नावाच्या झुडपाच्या मुळांशी वाढतो आणि त्याला हिवाळ्याच्या तोंडाचा पाऊस लागतो. आपला पाऊस नेमका उलट, जून ते सप्टेंबर.

वारूळवाट (नवापूर)

नानांचा तिसरा प्रश्न राहिला. खान्देशात शोधण्याजोगी बुरशी झाडाच्या नाही, वाळवीच्या भागीदारीत वाढते. वारुळावरची अळिंबी, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. माझ्या मते चवीत ती बाजारातल्या बटण अळिंबीच्या चार पायऱ्या वर आहे.

वाळवी वारुळाच्या आत पालापाचोळा चावून त्याचा स्पंजासारखा पोळा करते आणि त्यावर ही बुरशी पोसते. पावसात त्या पोळ्यातून एक लांब मूळ वर निघतं आणि जमिनीबाहेर छत्री उघडते. ही शेती वाळवीलाच जमते. शेडमध्ये धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीसारखी टर्मिटोमायसिस घेता येत नाही, तसं बियाणं कुणी विकत असेल तर लांब राहा.

वेळ. मृगाच्या पहिल्या सरीला धावू नका, पोळा भिजायला वेळ लागतो. पुनर्वसू-पुष्यापासून मघापर्यंत, म्हणजे जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेर, चांगला काळ. तीन-चार दिवस झड लागावी, मग एक-दोन दिवस उघडीप आणि उकाडा. त्या उकाड्याच्या पहाटे निघा. कळी पहाटे वर येते, दुपारपर्यंत छत्री उघडते, दुसऱ्या दिवशी आत अळ्या. नऊ वाजता निघणाऱ्याला उरलेसुरले देठ मिळतात.

जागा. वाळवीनं डागडुजी केलेली, ताज्या ओल्या मातीचे ठिपके दिसणारी वारुळं पाहा. उभ्या वारुळाच्या शेंड्यावर शोधू नका, पायथ्यापासून दोन-तीन मीटरच्या घेरात पाहा. शेताचे जुने न नांगरलेले बांध, सागाच्या रानाची कडा, कुजक्या बुंध्यांच्या आसपास. कित्येक वसाहतींचं वारूळ वर दिसतच नाही, म्हणून एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवा. पोळा शाबूत असेल तर पुढच्या वर्षी तिथंच येते. बारीक जात, टोपी एक-दोन सेंटिमीटरची, वेगळी वागते: वाळवी पोळ्याचे तुकडे बाहेर टाकते त्यावर शेकड्यांनी उगवते, अंगणात तांदूळ सांडल्यासारखी.

ओळख. चारही खुणा एकत्र जुळायला हव्यात:
1. टोपीच्या मधोमध टणक टोक किंवा उंचवटा. माती फोडून वर यायला तेच टोक लागतं.
2. देठ जमिनीत संपत नाही, मुळासारखा निमुळता होत खाली जातो, वीतभर तर सहज, कधी हातभर.
3. देठाच्या तळाशी पिशवी किंवा वाटी नाही.
4. बीजुकांचा (टोपीखालून झडणाऱ्या बारीक भुकटीचा) ठसा फिकट गुलाबी ते मलईच्या रंगाचा.

दुसरी खूण तपासायला प्रत्येक नव्या जागेची एक अळिंबी काडीनं माती सैल करत मुळासकट काढा. बाकीच्या जमिनीलगत पिळून किंवा चाकूनं कापून घ्या. कुदळ घातली की पोळा फुटतो आणि ती जागा गेली. इथंच बहुतेक जण घाई करतात.

बांबूची टोपली न्या. प्लास्टिकच्या पिशवीत वाफ धरते, दोन तासांत चिकट होतात. वेगवेगळ्या जागच्या अळिंब्या पळसाच्या पानांत वेगळ्या बांधा. एक विषारी तुकडा सगळ्यांत मिसळला तर मग वेगळा काढता येत नाही.

आणि काठी, गुडघ्यापर्यंतचे बूट, टॉर्च. वारुळाच्या बिळांत नाग असतो, पाल्यात घोणस. हात घालण्याआधी काठीनं पाला बाजूला करा.

बांधावरचे नाना

आभारी आहे भाऊ. ठसा कसा घ्यायचा तेवढं सांगा. गावात अळिंबी शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसणाची पाकळी टाकतात, काळी पडली तर विषारी. ते कितपत खरं?

पांझरा_पाणी

अजिबात खरं नाही. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते, लसूण आपल्याच रसायनांनी रंग बदलते. अमॅनिटा नावाच्या विषारी अळिंबीतल्या जीवघेण्या विषाचा त्याच्याशी काही संबंध नाही. गोगलगाईनं कुरतडलेली ती चालते, हेही खोटं. उकळून पाणी फेकलं की विष जातं, हे तर सर्वांत घातक, कारण ते विष शिजवून नष्ट होत नाही.

ठसा असा घ्या. पूर्ण उघडलेली टोपी देठापासून कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, म्हणजे फिकट आणि गडद दोन्ही रंग दिसतात. टोपी पापुद्र्यांची (खालच्या पातळ पडद्यांची) बाजू खाली करून दोन्ही रंगांवर येईल अशी ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका, वाटी पालथी घाला. चार ते सहा तास, बरी म्हणजे रात्रभर. पंख्याखाली ठेवलं तर ठसा उडतो. बंद कळीचा ठसा पडत नाही, म्हणून एक उघडलेली सोबत आणायचीच.

हिरवट ठसा आला तर क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही विषारी अळिंबी. हिच्यापासून सर्वांत सावध राहा. गवतात, लॉनवर, शेणखताजवळ पावसात मोठ्या पांढऱ्या छत्र्या, वर तपकिरी खवले, देठावर सरकणारी कडी. लांबून वारुळावरचीच वाटते. पण हिला मूळ नसतं आणि जून झाली की पापुद्रे हिरवट होतात. कोवळी असताना पापुद्रे पांढरेच असतात, फसवणूक तिथंच होते. दोन-तीन तासांत जबरदस्त उलट्या-जुलाब लागतात.

पांढरा ठसा, तळाशी पिशवी, देठावर कडी: अमॅनिटा समजून सोडून द्या.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी वेगळं. केळीचे कुजते खुंट आणि पाल्याच्या ढिगावर राखी टोपीची एक अळिंबी येते, व्हॉल्वेरिएल्ला. ती खाण्याची आहे, पण तिलाही तळाशी पिशवी असते. फरक ठशात, हिचा गुलाबी. पिशवी पाहून ओळखता येत नसेल तर हिच्या नादी लागू नका. फवारणीच्या बागेतली तर नकोच, बुरशी जमिनीतले जड धातू आणि रसायनं शोषून साठवते. महामार्गाकडेच्या अळिंबीलाही हाच नियम.

अनेरकाठ

पांझराभाऊंच्या यादीत एक जोडतो. जमिनीतून निघालेला कोणताही पांढरा 'अंडा' उभा कापा. आत छत्री-देठाची सावली दिसली तर अमॅनिटाची कळी असू शकते. चिकट जेली निघाली तर दुर्गंधी सोडणारी फॅलस. एकसारखा पांढरा, पनीरसारखा गर असेल तरच पुढचा विचार.

विषबाधेचं एक गणित लक्षात ठेवा. अर्ध्या ते तीन तासांत उलट्या झाल्या तर बहुधा पोटाचं विष. सहा तासांनंतर, कधी चोवीस तासांनी सुरू झाल्या तर यकृताचं. त्यात दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, लोक दवाखान्यातून घरी येतात आणि आतून यकृत जात असतं. म्हणून उशिरा सुरू झालेल्या उलट्या थांबल्या तरी 108 ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जायचंच. सोबत उरलेली भाजी आणि न शिजवलेला एक नमुना कागदात गुंडाळून. यासाठीच शिजवण्याआधी एक अळिंबी फ्रिजमध्ये बाजूला ठेवत जा.

भाकरी_ठेचा

स्वयंपाकाचं कुणी बोललंच नाही! मुळाचा चिवट भाग कापून टाका, टोपी उलटी धरून वाहत्या पाण्यात वाळू काढा. भिजत घातलीत तर पाणी पिते आणि चव जाते. पाव किलोला दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल. अळिंबी हातानं फाडून आधी नुसत्या मिठावर कढईत टाका, झाकण नको. तिचं पाणी सुटून आटू द्या, मग तेल, लसूण, हिरवी मिरची आणि अगदी चिमूटभर काळा मसाला. मसाला जास्त झाला की वांग्याची भाजी आणि हिच्यात फरक राहत नाही. एकूण पंधरा-वीस मिनिटं. कच्ची खायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा खाणाऱ्यानं दोन घास, बाकी दुसऱ्या दिवशी. लहान मुलांना नको.

टिकत नाही, त्याच दिवशी संपवा. पावसाळी उन्हात वाळत घातली तर बुरशीवर बुरशी येते. दोऱ्यात ओवून चुलीवर धुरात टांगली तर वाळते.

सातपुडा_पायवाट

जाण्याआधी हद्द पाहा. यावल आणि अनेर धरण अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे, टोपलीभर अळिंबीसुद्धा. इतर वनक्षेत्रात 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाचा हक्क तिथल्या वनवासींचा आहे, तेव्हा बाहेरून गेलात तर आधी पाड्यावर विचारा. त्यात फायदाही आहे: पावरा-भिल्ल वस्तीतल्या जुन्या बायका कोणत्या वारुळावर कोणती येते हे ओळखतात. फक्त ती ओळख त्या रानापुरती धरा. तिथली खूण धुळ्याच्या लॉनवर लावली तर गाठ क्लोरोफायलमशी.

बांधावरचे नाना

आज एक गोळा उभा कापला. साल तीन मिलिमीटरच्या आसपास, गर जांभळा-काळा, वास सायकलच्या ट्यूबसारखा. बाकीचे तिथंच ठेवू की उपटून टाकू? बकऱ्या चरतात तिथं.

अनेरकाठ

म्हणजे स्क्लेरोडर्माच. उपटून उपयोग नाही, बुरशी मुळांवर आहे, पुढच्या पावसात पुन्हा येईल, आणि नीलगिरीला तिचा फायदाच होतो. बकऱ्यांना आठ-दहा दिवस दुसऱ्या बांधाला न्या. गोळे फुटून धूळ झाली की राहिलेली सालं गोळा करून पुरा. धूळ उडत असेल तर तोंडाला रुमाल बांधा, नाकात गेली की शिंका आणि डोळ्यांना आग.