डार्कनेस स्पेलच्या पलीकडचं दिसतं का नाही? टेबलावर वाद झालाय

भुसावळचा_डीएम
नमस्कार मंडळी. भुसावळला आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, दर रविवारी दुपारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो, २०१४ ची पाचवी एडिशन, डीएम म्हणजे खेळ चालवणारा मी. परवा गुहेतली फाईट सुरू होती आणि वॉरलॉकने (जादू करणारं पात्र) मधोमध डार्कनेस, म्हणजे जादूच्या अंधाराचा गोळा, टाकला, १५ फूट रेडियस म्हणजे मॅपवर पाच-पाच फुटांचे आडवे सहा चौकोन. गोळ्याच्या ह्या बाजूला आमची एल्फ तिरंदाज, त्या बाजूला गोब्लिनचा सरदार, हातात पेटलेली मशाल. दोघंही अंधाराच्या बाहेर. तिरंदाज म्हणे मला तो दिसतोय, मशालीच्या उजेडात उभा आहे, मधल्या अंधाराचा काय संबंध. वॉरलॉक म्हणे ती काळी भिंत आहे, पलीकडचं काहीच दिसणार नाही. अर्धा तास ह्यातच गेला. शेवटी मी "दिसत नाही, डिसॲडव्हांटेजने मार" (दोन डाय म्हणजे फासे टाकून कमी आकडा धरायचा) म्हणून पुढे नेलं, बाण हुकला, तिचा चेहरा एवढासा झाला आणि मलाही ते अजून पटलेलं नाही. काय धरायचं?

बांधावरचा_रेंजर
मी तिरंदाजाच्या बाजूने. आमची केळी आहे यावल तालुक्यात, शेतीची लाईट रात्रीची असली की पाणी द्यायला जावंच लागतं. अमावस्येला बांधावर उभं राहिलं तर स्वतःचा हात दिसत नाही, पण चार शेतं सोडून कोणी विडी पेटवली तरी तो लाल ठिपका दिसतो, मधे सगळा अंधारच असतो ना भो. अंधार म्हणजे काही वस्तू नाही आड यायला, फक्त तिथं उजेड नाही एवढंच. आड येतं ते धुकं, आणि धुक्यासाठी फॉग क्लाऊड हा वेगळा स्पेल आहेच की, मग दोन्ही सारखेच कसे धरायचे.

जळगाव_डाइस
रेंजर भाऊ, बांधावरचं शंभर टक्के खरं, आणि साध्या अंधाराला मी पण तसंच धरतो. नियमांच्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत होतं की गडद अंधारात असलेला माणूस आंधळ्यासारखा, म्हणजे तुम्हाला बांधावरून ती विडी दिसलीच नसती. नंतर ते सुधारलं, आता त्या अंधारातली गोष्ट बघायला गेलात तरच आंधळे.

पण डार्कनेस स्पेलची ओळ नीट वाचा. त्यात म्हटलंय की डार्कविजनवाल्याला (ज्याला अंधारातही दिसतं) ह्या अंधारातून आरपार दिसत नाही आणि साध्या उजेडाने तो उजळत नाही. आता भुसावळची तिरंदाज एल्फ आहे, तिला डार्कविजन आहे, म्हणजे तिला पलीकडचं दिसणार नाही. तिच्या शेजारी साधा माणूस उभा असेल, डार्कविजन नसलेला, तर तुमच्या हिशोबाने त्याला मशालवाला सरदार दिसेल! चांगली नजर असलेली आंधळी आणि साध्या नजरेचा डोळस, असं लिहिणाऱ्याच्या मनात नक्कीच नसणार. म्हणून मी हा अंधार शाईच्या गोळ्यासारखा धरतो, सगळ्यांनाच आरपार बंद. ह्या स्पेलचा उजेडावर जोरही तसाच आहे, दुसऱ्या लेव्हलपर्यंतच्या स्पेलचा उजेड त्याला भिडला की विझतो, साधा लाईट कँट्रिप (सगळ्यात हलका स्पेल) तर टिकतच नाही. त्याला उलटवायचं तर तिसऱ्या लेव्हलचा डेलाइट लागतो.

सातपुडा_बार्ड
दिसण्याचं जळगाव म्हणतात तेच बरोबर, पण भुसावळ दादा, तुमची खरी चूक डिसॲडव्हांटेजमध्ये झाली. तिरंदाजाला सरदार दिसत नाही म्हणून डिसॲडव्हांटेज, कबूल. पण सरदारालाही ती दिसत नाही ना, न दिसणाऱ्याने हल्ला केला तर ॲडव्हांटेज (दोन डायमधला जास्त आकडा) मिळतो. दोन्ही एकमेकांना कापतात, साधा एकच डाय. आणि तो लपलेला नव्हता, लपायचं तर त्याने हाइड ॲक्शन घ्यायला हवी होती, नुसतं दिसत नाही म्हणजे लपला असं होत नाही, त्याचा चौकोन तिला ठाऊकच होता. गोळ्याच्या आत दोन आंधळे लढले तरी असाच साधा रोल.

अडचण होते ती दुसऱ्यांची. मॅजिक मिसाइल स्पेलला समोरचा दिसावा लागतो, ते बंद. शेजारून कोणी निसटला तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर जाता जाता वार) नाही. आणि वॉरलॉककडे डेव्हिल्स साइट असेल (असेलच, त्याशिवाय कोणी एवढं भांडत नाही) तर त्याला १२० फुटांपर्यंत ह्या अंधारातही नीट दिसतं, तो एकटा ॲडव्हांटेज खातो आणि बाकीचे चाचपडतात. त्याला सांगा की स्पेल मोकळ्या जागेत न टाकता हातातल्या नाण्यावर टाक. मग गोळा त्याच्याबरोबर फिरतो, आणि तिरंदाजाची पाळी यायच्या आधी नाणं डबीत बंद केलं की अंधार अडतो, तिला मोकळं दिसतं. आमच्या टेबलावर ह्याच एका सवयीने भांडण मिटलं.

भुसावळचा_डीएम
डेव्हिल्स साइट आहे त्याच्याकडे, हो. एल्फ आणि साध्या माणसाचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, तेवढ्यावर शाईचा गोळा पक्का. बांधावरचं मात्र साध्या रात्रीसाठी वहीत लिहून ठेवतोय, पुढच्या जंगलाच्या सीनला लागेल. दोन डाय टाकून कमीचा धरला होता तो, पहिला १७ होता. म्हणजे बाण लागला होता. आत्ताच तिला मेसेज केला, रविवारी सरदाराचे हिट पॉइंट (उरलेला जीव) कमी करूनच सुरुवात.