पुराच्या प्रतिरूपासाठी फोरट्रान की पायथॉन?

भीमाकाठ, सोलापूर : उजनीचा विसर्ग वाढला की पंढरपुरात पुंडलिकाच्या मंदिराला पाणी केव्हा लागेल, याचे संगणकावरील प्रतिरूप आमचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी तयार करीत आहेत. ते त्यांनी फोरट्रान या संगणकभाषेतच लिहावे, असे माझे ठाम मत आहे. १०० किलोमीटर पात्राचे १०० मीटरचे १००० तुकडे केले आणि लाटेचा वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर गणित कोलमडू नये म्हणून काळाचे पाऊल १० सेकंदांहून मोठे घेता येत नाही. म्हणजे १० दिवसांच्या पुराला ८६,४०० पावले आणि तीच आकडेमोड ८ कोटी ६४ लाख वेळा. पायथॉन या दुसऱ्या भाषेच्या साध्या लूपमध्ये, म्हणजे एकेक तुकडा घेऊन तीच कृती पुन्हा करण्यात, यालाच काही मिनिटे जातात, आणि पात्राचा खडबडीतपणा सांगणारा मॅनिंगचा गुणांक जुळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा चालवावे लागते. आयबीएमने १९५७ साली आणलेली फोरट्रान अशाच आकडेमोडीसाठी घडलेली आहे.

हातमाग : हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही. पायथॉनमध्ये तुकड्यागणिक लूप लिहायचाच नसतो. नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या संचातील एका ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या यादीत, हजारही तुकड्यांची पातळी ठेवून ती एका ओळीत पुढे नेता येते आणि आतले काम सी या वेगवान भाषेत लिहिलेला कोड करतो. शिवाय विद्यार्थ्यांचे अर्धे सत्र विसर्गाच्या नोंदी वाचण्यात, गाळलेल्या तारखा शोधण्यात आणि आलेख काढण्यात जाते. तिथे फोरट्रान त्यांना काय देणार?

भीमाकाठ : पाऊल मोठे घ्यायचे म्हणून अव्यक्त पद्धत वापरली, तर प्रत्येक तुकड्याची नवी पातळी शेजारच्या तुकड्याच्या नव्या पातळीवर अवलंबून राहते. तिथे आपली एक ओळ पुरत नाही. हजार समीकरणे एकत्र सोडवावी लागतात.

हातमाग : ती सोडवणारे फलन सायपाय या पायथॉनच्याच दुसऱ्या संचात तयार आहे. ते आतून लापॅक हा समीकरणे सोडवणारा फोरट्रानमधला संच वापरते, हे मला मान्य आहे. पण म्हणून ते विद्यार्थ्यांनी पुन्हा लिहावे असे होत नाही.

माळढोक : २०१२ साली आलेल्या ज्युलिया या भाषेचा विचार करावा. तिच्यात लूपही वेगाने चालतो. पहिल्यांदा चालवताना कोड कंपाइल, म्हणजे यंत्रभाषेत रूपांतरित, होईपर्यंत थांबावे लागते, एवढेच.

भीमाकाठ : ज्युलिया चांगली आहे, पण अडल्यावर विचारायला आमच्याकडे ती जाणणारे कोणी नाही. नोंदी आणि आलेख पायथॉनमध्ये करण्यास माझी हरकत नाही. पात्राचे गणित मात्र फोरट्रानमध्ये लिहून एफटूपाय या साधनाने पायथॉनला जोडावे, म्हणजे समीकरणातले प्रत्येक पद विद्यार्थ्याच्या हातून जाईल.

हातमाग : आणि पातळी अचानक ऋण आली, तर चूक कोणत्या भाषेत झाली हे त्यांनी शोधायचे कसे? माझा आक्षेप नेमका या जोडावर आहे.