फोमच्या कवचातील दिवे टोकाला पिवळसर का दिसतात?

प्रश्न: वेशभूषेसाठी ईव्हीए फोमच्या (हलक्या, लवचिक फोमच्या) छातीकवचात मी ५ व्होल्टची, ६० रंगीत एलईडींची पट्टी बसवली आहे, मात्र पांढरा प्रकाश लावताच तिचे शेवटचे टोक पिवळसर दिसते. दोष कशात असावा?

उत्तर १: अशा पट्टीतील प्रत्येक एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशासाठी साधारण ६० मिलिअँपिअर, म्हणजे सगळी पट्टी ३.६ अँपिअर प्रवाह मागते आणि पट्टीतील तांबे पातळ असल्याने टोकापर्यंत व्होल्टेज घटून निळा रंग सर्वांत आधी क्षीण होतो, म्हणून पांढरा प्रकाश पिवळसर दिसतो. दोन्ही टोकांना वीजपुरवठा द्यावा आणि प्रखरता निम्म्यावर आणावी.

उत्तर २: तारा मात्र फोममध्ये कायमच्या चिकटवू नयेत, कारण वाकताना डाखच (तारेचा वितळलेल्या धातूने केलेला जोड) आधी तुटतो. (माझे एक कवच त्यापायी चिरावे लागले.)

प्रश्नकर्ता: प्रखरता घटवताच पिवळेपणा गेला; दुसरी तार उद्या जोडतो.